पाहुणं कोठार

मिरजेत त्या काळी कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की भेटायला येणारे तब्येत नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "कुठल्या कोठारावर आहेत?" मेंदूचा जो भाग निकामी झाला असेल तिथं नखाएवढा जोडमेंदू बसवायचा आणि गेलेली कौशल्यं, म्हणजे चालणं, गिळणं, बोलणं, सरकारी मूळ कोठारातून त्यात उतरवून घ्यायची, हे कवळी बसवण्याइतकं सरावाचं झालं होतं. मूळ कोठार फुकट होतं, तपासलेलं होतं आणि सरकारी असल्यामुळे त्यात जरुरीपुरतंच सगळं होतं.

विश्वजित सुतार तंबोरे करायचा. अर्धांगवायूनंतर मूळ कोठारानं त्याला पाय दिले, वाचा दिली. जवारीचा कान मात्र तिथं नव्हता. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीला, तारा टेकतात त्या पट्टीला, घासून दिलेला तो नाजूक उतार, ज्याच्यामुळे तार नुसती वाजत नाही, गुंजते. तो उतार कानानंच काढावा लागतो. विश्वजित तार छेडायचा, घोडी घासायचा, पुन्हा छेडायचा आणि तंबोरा बाजूला सारून भिंतीकडे बघत बसायचा. सरकारला तंबोऱ्याचं काय पडलंय!

शेवटी त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, शोधून काढलं, की संगीताचं वेड असलेल्या काही मंडळींनी स्वतःचं कोठार चालवलंय. असल्या खासगी कोठारांना लोक पाहुणी कोठारं म्हणायचे. पडद्यावर प्रश्न आला, "या कोठाराच्या मोहोरेवर तुमचा विश्वास आहे का?" दुखण्यानंतरचं पहिलं वर्ष पालक म्हणून अंगठा सुवर्णाचा लागायचा. तिनं तो लावला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी असताना अटी वाचत बसायला ती काही वकील नव्हती.

कान आला. तंबोरा असा बोलू लागला, की गल्लीतली माणसं दारात थबकायची. सुवर्णानं पेढे वाटले.

आणि मग हळूहळू तिचं बोलणं विश्वजितला ऐकू येईनासं झालं. जेवायला हाक मारली तरी मान वर नाही. एकदा ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, जिवाच्या आकांतानं ओरडली. पलीकडच्या खोलीत तो तार लावत होता, आणि उचलायला आली ती शेजारीण. त्या दिवशी सुवर्णा दुखण्यापेक्षा अपमानानं रडली.

"कान ठणठणीत आहेत त्यांचे," जोडमेंदूतज्ज्ञ डॉक्टर नाडगौडा म्हणाल्या. "बिघडलीय ती गाळणी. ऐकलेल्यातलं कुठलं मनापर्यंत पोचवायचं, हे ती ठरवते. मूळ कोठाराच्या गाळणीत घरच्यांचे आवाज पहिले. या नव्या गाळणीत तार पहिली. तुमचा आवाज पंख्याच्या घरघरीबरोबर मागे पडतो."

"पण मॅडम, मी गाळणी कुठं मागितली? त्या कोठारातनं एक कानच तर आणला!"

"जोडमेंदूत एक वाढपी असतो, सुवर्णाताई. कोठारातून आणायचं आणि मेंदूच्या पानात वाढायचं. एकच वस्तू दोन कोठारांत असली, की तो तिच्यावरचा आकडा बघतो. मोठा आकडा म्हणजे ताजी. पाहुण्यांनी स्वतःची गाळणी बनवली, आकडा मोठा टाकला, यानं मुकाट वाढली. तुम्ही कान मागितलात, पण विश्वास सगळ्या कोठारावर टाकलात."

"मग काढून टाका ते कोठार. आत्ताच्या आत्ता."

"कोठार काढलं तरी वाढलेलं पानात राहतं. जुनी गाळणी परत बसवता येईल, पण हा कान तिच्यावर चालत नाही. कान जाईल. आणि तुमच्या पालकत्वाचं वर्ष आता संपलंय, तेव्हा निर्णय तुमचा नाही, त्यांचा."

वाचलेलं विश्वजितला कळत होतं. डॉक्टरांनी पडद्यावर सगळं लिहून दाखवलं: एकीकडे जवारी, एकीकडे बायकोचा आवाज. न्हाणीघरातलं पडणंसुद्धा लिहिलं. त्यानं सावकाश वाचलं. सुवर्णाकडे बघितलं, अगदी मायेनं बघितलं.

"कान राहू दे," तो म्हणाला. "तिला होईल सवय. समजूतदार आहे ती."

आणि उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

डॉक्टर बाईमाणूस होत्या, त्यांना राहवलं नाही. "मनाला लावून घेऊ नका. महत्त्वाचं काय, हेसुद्धा आता ती गाळणीच ठरवते. हे उत्तर त्यांचं की गाळणीचं, हे ओळखायची कुठलीच चाचणी नाही. जगात कुणालाच ते सांगता येणार नाही."

सुवर्णाला सांगता येत होतं. लेक जन्मली तेव्हा ती इस्पितळात एकटी होती, कारण कुणा बुवांचा तंबोरा मैफलीआधी लावून हवा होता. सासू गेली तेव्हा तो सरणापर्यंत पोचला तोही उशिरा, हाताला लाकडाचा भुसा तसाच. दर वेळी हेच: समजूतदार आहे ती. तेव्हा डोक्यात जोडमेंदू नव्हता, पाहुणं कोठार नव्हतं. होता तो नुसता विश्वजित.

तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला.

"मॅडम, लेकीला तुम्हीच फोन करून सांगाल का?" ती म्हणाली. "सांगा, पप्पांची काही चूक नाही, सगळा त्या गाळणीचा दोष आहे म्हणून. तुमच्या तोंडून खरं वाटेल तिला."