मुरब्याच्या बांधावरचे दगड

माणूस जातो, नाव मागे राहतं. हे थोर वाक्य हितेश तामोरेच्या टेबलासमोरच्या कॅलेंडरवर छापलेलं होतं. खाली कॅलेंडर देणाऱ्या कीटकनाशकवाल्याचं नाव त्याहून ठळक होतं.

हितेश बोईसरच्या एका औषध कारखान्यात कागदपत्रं सांभाळत असे. मूळ कागद आणि प्रत शेजारी ठेवायची, अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं आणि ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारायचा. वीस वर्षं हेच. बायको हिना म्हणायची, “मुलगी झाली तेव्हाही तुम्ही आधी पाळण्यावरची चिठ्ठी वाचलीत.”

आता त्याच मुलीला, किंजलला, फार्मसीला जायचं होतं. राखीव जागेसाठी जातवैधता हवी आणि वैधतेसाठी आजोबांचा जुना लेखी पुरावा. आजोबा, म्हणजे हितेशचे वडील रामा, शाळेत गेले नव्हते, दाखला नाही. पंच्याऐंशी साली मासेमारीला गेले ते परत आले नाहीत. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखलाही नाही. सरकारी हिशेबाने रामा तामोरे जन्मलेही नव्हते आणि मेलेही नव्हते.

लेखी असा एक दगड तेवढा होता. गावी, मुरब्याला, बोंबील वाळवायच्या बांबूंपलीकडे बांधावर तसे अठरा दगड होते. ज्यांना समुद्राने परत दिलं नाही, त्यांचे. प्रत्येकावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, साल. दर अमावस्येच्या भरतीला घरच्यांनी दगडाशी उभं राहून त्या माणसाला नावाने हाक मारायची, अशी रीत.

वडिलांच्या दगडाचा ठसा अर्जाला जोडायचा, असं हितेशने ठरवलं. पहिल्या रविवारी सरावासाठी त्याने कडेचा दगड घेतला. त्यावर बटरपेपर चिकटवला, काळा मेणखडू आडवा फिरवला, तशी अक्षरं कागदावर उमटली. चिंतू. ठसा स्वच्छ आला. पुढच्या रविवारी जाऊन बघतो, तर दगड गुळगुळीत.

खारा वारा, शिवाय कारखान्यांची हवा, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच हवेवर त्याचं घर चालत होतं, त्यामुळे तो निष्कर्ष त्याने मनातच ठेवला.

चिंतूची बहीण नवसीमावशी शेजारी बोंबील उलटत होती. या भावाचं नाव निघालं की तिचा पदर डोळ्यांना जायचा.

“मावशी, चिंतूमामाचं नाव पुसलं गो.”

“कोन चिंतू?”

“तुजा भाऊस.”

“मला भाऊस कवा व्हता रं? आमी तिगी भयनीच. बोयसरच्या वासानं डोकं फिरलंय तुजं.” मग पलीकडच्या बायकांना ओरडून सांगितलं, आणि सगळ्या हसल्या.

त्या दिवशी त्याने देवूच्या दगडाचा ठसा उतरवला. या वेळी तिथेच बसून राहिला. चहा पिऊन होईपर्यंत दगड कोरा झाला. देवूचा मुलगा मितेश खाली जाळं सांधत होता.

“बा?” मितेश म्हणाला. “आमच्यात बा नव्हताच. गरज पन नाय पडली. आई दोघांच्या वाटचा मार एकटी द्यायची.”

हितेशच्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेचा फोटो होता. त्यातही ते दोन दगड कोरे होते. हार मात्र घातलेले होते.

अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी सकाळी तो आईकडे गेला. काशीबाई सहासष्ट वर्षांची. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मेला कोनी बघितला, असं ती चाळीस वर्षं विचारत आली होती.

“आये, मी उतरवलं की नाव जातं. दगडावरनं, आन् मानसांच्या डोक्यातनं पन.”

काशीबाई हसली. “दर आवसेला हाका मारून घसा बसवलाय मी. तू खडू फिरवशील आन् मी इसरेन? नवसी म्हातारी झाली. मी नाय.”

“नको करूया. किंजल पुढल्या वर्साला...”

“पोरीचं वरीस घालवतोस? बापाचा पोर ना तू? चल, मी येते.”

हितेशकडे बापाची एकच आठवण होती. पाच वर्षांचा असताना बापाने त्याला खांद्यावर बसवून चिखलातून बोटीपर्यंत नेलं होतं. पडू नये म्हणून त्याने बापाचा कान धरला होता. कान थंड होता.

खबरदारी म्हणून त्याने एका पाकिटावर लिहिलं: रामा तामोरे, माझे वडील. खाली सही केली. शिक्काही मारला.

ओहोटी होती. त्याने कागद चिकटवला.

“बोलत ऱ्हा, आये. त्याचंच बोल. थांबू नको.”

“लग्नाला माज्या बानं त्याला चपला दिल्या. चावतात म्हनला. काखेत मारून मांडवात आला.”

‘रा’ उमटला.

“बाजारातनं आले की माजे पाय चेपायचा. कोनाला सांगू नको म्हनायचा.”

‘मा’ उमटला. बापाचं नाव उमटलं. जात, गाव.

“आन् त्या दिशी जाताना दारात मागं वळला. मला म्हनला...”

साल उमटलं.

बांधावर वारा होता.

“काय म्हनला, आये?”

“कोन?”

तिने खडूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हात गळ्याशी गेला. मंगळसूत्र तिने डोक्यावरून काढलं आणि तळहातावर धरून बघत राहिली.

“हे कोनाचं रं माज्या गल्यात? कोनी बाई शोदत असंल.”

हितेशने पाकीट काढून वाचलं. अक्षर त्याचंच होतं. शिक्काही त्याचाच. म्हणजे मजकूर बरोबर असणार.

त्याने आठवून पाहिलं. चिखल आठवला. बोट आठवली. हे सगळं तो पुरुषभर उंचीवरून बघत होता, आणि खाली कोणी नव्हतं.

सोमवारी ठसा अर्जाला जोडला गेला. महिन्याभराने जातपडताळणी पथकाचा अहवाल आला: ‘मुरबे येथे समक्ष पाहणी केली. दगडावर मजकूर आढळला नाही. श्रीमती काशीबाई यांनी आपला विवाह झाला नसल्याचे सांगितले. यावर अर्जदाराच्या वडिलांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही. अर्ज नामंजूर.’

किंजलला प्रवेश खुल्या गटातून मिळाला. शेवटच्या फेरीनंतरही सतरा जागा रिकाम्या होत्या.