पोच मिळेपर्यंत

"बेकरी टेस्टवर घेतली आहे. चाला आता," फोनमधला आवाज म्हणाला.

टेगन चालायला लागली. पेंग्विन गावातल्या त्या बेकरीत दुपारची सामसूम होती. समुद्रावरून भुरभुर पाऊस येत होता आणि काचेवर थेंब रेंगाळत होते. टेगनच्या एका खांद्यावर अवजारांची पिशवी होती आणि कानाला फोन. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा आता कायमच्या बंद होणार होत्या. त्या तारांवरून बोलणारे अलार्मचे जुने डबे काढायचे आणि इंटरनेटवरून बोलणारे नवे बसवायचे, हे तिचं काम. बसवून झालं की लाँसेस्टनच्या देखरेख केंद्राला फोन लावायचा, ती जागा टेस्टवर म्हणजे चाचणीवर घ्यायला सांगायची आणि एकेका सेन्सरसमोरून चालून दाखवायचं. तिकडचा माणूस पडद्यावर बघून सांगतो, कुठला इशारा पोचला.

"पुढचं दार… आलं. गल्ला… आला. भट्टी… आली." आवाज नवा होता. शांत, जरासा झोपाळू. "भट्टी. पुन्हा भट्टी. पुन्हा — माफ करा, भट्टीपाशी काही बिघाड आहे का? थांबतच नाही."

टेगननं तोंडातला घास घाईघाईनं गिळला. "बिघाड नाही."

"मग?"

"स्कॅलप पाय खातेय, शिंपल्यांचं सारण भरलेला. फार गरम आहे, म्हणून जागच्या जागी नाचतेय."

पलीकडून एक दबलेलं हसू आलं.

"मसाल्याचा की पांढऱ्या रश्श्याचा?"

"मसाल्याचाच! पांढऱ्या रश्श्याचा कोण खातं?"

"मग नाचा खुशाल. मी नोंद करतो — बिघाड नाही, पाय आहे." तो थांबला. "मी कोस्टा. नवीन आहे इथे. आणि हे बोलणं रेकॉर्ड होतं, बरं का."

"आधी सांगायचं ना! नीट चावून खाल्लं असतं."

तो सगळा हिवाळा असाच गेला. बर्नीतला दातांचा दवाखाना, अल्व्हरस्टनचा बोलिंग क्लब, स्टॅन्लीतलं मासळीचं गोदाम… टेगन चालायची आणि कोस्टा तिच्या पावलांची नावं घ्यायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. त्याला मात्र कळायचं, ती आत्ता जिन्यात आहे, आत्ता मागच्या दाराशी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"तिथल्या खिडकीतून समुद्र दिसतो का गं?" एकदा त्यानं मध्येच विचारलं.

टेगन खिडकीशीच उभी होती. "तुला कसं कळलं?"

"तिसरा सेन्सर दोनदा आला. समुद्र असला की तू मागे वळतेस."

 हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

स्टॅन्लीच्या गोदामात जुना डबा काढण्याआधी तिनं तारेला चिमटा लावला. चिमट्याला जोडलेला रिसीव्हर तिनं फोनला टेकवला. "तुमच्या पडद्यावर नुसती अक्षरं येतात. खरं बोलणं ऐकलंयस कधी? ऐक."

आधी केंद्राकडून दोन सूर आले, एक खालचा, एक वरचा. मग डबा पाखरासारखा भराभर चिवचिवला. आणि शेवटी पुन्हा केंद्राकडून एकच सूर, लांब आणि सरळ. मग सगळं शांत.

"पहिले दोन म्हणजे 'बोल, ऐकतोय'. त्याला आमच्यात हस्तांदोलन म्हणतात," टेगन म्हणाली.

"आणि शेवटचा?"

"ती पोच. ऐकलं, समजलं, आता ठेव."

"त्याला काय म्हणतात?"

टेगननं ओठ चावला. "…चुंबन."

"काय?"

"मी नाही ठेवलं नाव! जुन्या लोकांनी ठेवलंय."

"आणि ते मिळालंच नाही तर?"

"डबा तेच पुन्हा सांगतो. पुन्हा… पुन्हा… पोच मिळेपर्यंत."

"बिचारा," कोस्टा हळूच म्हणाला.

"रेकॉर्ड होतंय हां."

"माहितेय. म्हणून तर एवढंच बोललो."

गोदामात बर्फाचा वास होता, बोटं गारठली होती, आणि टेगनला उगीचच ऊब आल्यासारखं वाटत होतं.

वसंत लागला तसं टेगनच्या मालकिणीनं, ग्लेनिसनं, तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. "आता केंद्राला फोन करत बसू नकोस. चाललीस की इथे हिरवी खूण उमटते. वेळ वाचतो."

वेळ खरंच वाचला. टेगन मुकाट्यानं खोल्यांमधून फिरे, फोनवर खुणा उमटत. समुद्राचं कुणी विचारत नव्हतं. नव्या डब्याची एक गोष्ट मात्र तिला मनापासून आवडायची. तो जुन्यासारखा संकट येईपर्यंत गप्प बसत नाही. केंद्र सारखं विचारतं, 'आहेस ना?' आणि तो सारखं सांगतो, 'आहे.' हे उत्तर चुकलं, की लगेच पलीकडे जीव खालीवर होतो.

तिला मात्र कुणीच विचारत नव्हतं. कितीदा तिचा अंगठा केंद्राच्या नंबरवर जाऊन थांबला. पण… त्यानं तरी कुठे केला? त्याचं छान चाललं असणार. टेगनच तेवढी हसून दिवस ढकलत होती.

"इथलं काम संपत आलं," ग्लेनिस म्हणाली. "राहिलीस तर देखभालीचं किरकोळ काम देईन. पण समुद्रापलीकडे, गीलाँगला, तू हवी आहेस म्हणतायत. मोठी संधी आहे पोरी. सोमवारी काय ते सांग."

टेगनला हा किनारा सोडवत नव्हता. आणि नुसत्या किनाऱ्यासाठी राहायचं का, हेही कळत नव्हतं.

शेवटचं ठिकाण टेबल केपवरचं ट्युलिपचं शेत होतं. लाल, पिवळे, जांभळे पट्टे थेट कड्यापर्यंत गेले होते आणि खाली निळाशार समुद्र. शेताच्या म्हाताऱ्या मालकीणबाई, मिसेस वर्हूवेन, तिला गोदामात घेऊन आल्या.

"हा डबा फार गुणी," त्या कौतुकानं म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, कधी तक्रार नाही."

टेगननं तारेला चिमटा लावला. रिसीव्हर कानाशी धरला. काहीच नाही… साधी गुणगुणही नाही. बाहेर जाऊन पाहिलं, तर ओलीनं तांबं हिरवं पडून पार कुजलं होतं.

"बाई, तुमची तार मेली आहे. केव्हाची, देव जाणे. चोर आला असता तरी डबा आपला इथे ओरडत राहिला असता."

"अगंबाई! मी समजत होते, काही वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

"पलीकडचेही तेच समजत होते. काही येत नाही, म्हणजे ठीक असेल…"

बोलता बोलता टेगन थांबली. हातातला पेचकस तसाच राहिला.

नवा डबा बसवून झाला. ॲप तिनं उघडलंच नाही. दुसऱ्या कुणी उचलला तर ठेवून द्यायचा, असं म्हणत तिनं केंद्राचा नंबर लावला.

"देखरेख केंद्र. कोस्टा बोलतोय."

"टेबल केप, ट्युलिपचं शेत. टेस्टवर घे."

 "टेगन? तुम्हाला तर ॲप दिलंय ना आता."

तुम्हाला! तिला ते टोचलं. "दिलंय. पण ते समुद्राचं विचारत नाही."

"…दिसतो का?"

"तिन्ही बाजूंनी. कोस्टा, फोन का नाही केलास?"

"अलार्म आल्याशिवाय आम्ही फोन करायचा नाही, नियम आहे. आणि… तू केला नाहीस. मला वाटलं, सगळं ठीक असेल तुझं."

टेगनला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "तार मेली होती रे. दोन्हीकडून. आता चालते, नीट बघ."

"पुढचं दार… आलं. बांधणीचं टेबल… आलं. शीतघर… आलं. शीतघर. पुन्हा शीतघर. टेगन, काय खातेयस?"

"काही नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतेय. मला गीलाँगला बोलावलंय, सोमवारी उत्तर द्यायचंय. आणि तू मला आवडतोस. रेकॉर्ड होतंय, माहितेय."

मिसेस वर्हूवेन यांच्या हातातली कपबशी किणकिणली. पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"शेत टेस्टवरच राहू दे," कोस्टा कचेरीतल्या कोरड्या आवाजात म्हणाला. "मी सांगेपर्यंत काढू नकोस, आणि जागा सोडू नकोस." फोन बंद झाला.

"काय म्हणाला गं?"

"काहीच नाही." टेगनचे कान लाल झाले होते.

"माझ्या नवऱ्याला 'हो' म्हणायला दोन हंगाम लागले होते. ये, कॉफी घे."

दुपार कलली. शेतातून फुलं खुडणारं यंत्र फिरत होतं. मातीतले कंद पोसावेत म्हणून फुलं खुडतात, आणि मातीवर रंगांचा सडा पडतो. भुरभुर पाऊस सुरू झाला. टेगन अवजारं आवरत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा आवरत होती… तेवढ्यात ॲपचा इशारा आला, फोन थरथरला. हिरवी खूण. रस्त्याचं फाटक.

मालकीणबाई तर समोरच बसल्या होत्या. मग कोण?

दुसरी खूण आली. अंगण. टेगन पुटपुटू लागली. "फाटक… आलं. अंगण… आलं. पुढचं दार…"

दारात एक उंच तरुण उभा होता. कुरळे केस भिजलेले, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, हातात कागदी पिशवी.

"पाळी संपली आणि निघालो," तोच झोपाळू आवाज, पण आता धाप लागलेला. "पेंग्विनला थांबलो. मसाल्याचे. गार झालेत बहुतेक."

"तू फोन ठेवलास!"

"हे उत्तर रेकॉर्डवर कसं देणार? गीलाँगला जाऊ नकोस, टेगन. म्हणजे, जायचंच असेल तर जा… पण मी रोज विचारणार, आहेस ना. संकट यायची वाट बघणार नाही." त्यानं ओला हात पुढे केला. "आधी हस्तांदोलन ना?"

तिनं तो धरला. गार होता. तिनं सोडला नाही.

"मला कंद बघायचेत," मिसेस वर्हूवेन पुटपुटल्या आणि छत्री न घेताच बाहेर पडल्या.

दारावरच्या सेन्सरचा लाल दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. बऱ्याच वेळानं टेगनचा फोन वाजला. अलार्म आला की फोन करायचा, हा केंद्राचा नियमच होता.

"टेबल केप?" पलीकडे एक बाई होत्या. "पुढच्या दाराशी काही बिघाड आहे का हो? थांबतच नाही."

"बिघाड नाही," कोस्टाच्या खांद्यावरून टेगन म्हणाली. "पोच मिळतेय."