चौकटींचा पट आणि एक खडकवाला

तो प्रयोगशाळेत आला तो चुकून. त्याला हवी होती भूगर्भशास्त्राची खोली, ती वरच्या मजल्यावर. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड... तोही तान्ह्या बाळासारखा जपून धरलेला.

"बरं झालं आलात," कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली. "उंची किती तुमची?"

"का? स्थळ आलंय?"

"हा पट धरायचाय, छातीसमोर, हात पुढे ताणून. माझी जोडीदारीण तापाने फणफणलीय, आणि पाच वाजता मॅडम बघायला येतील. दगड ठेवा तिकडे."

"दगड नाही, नमुना आहे तो."

"मग तो नमुना तिकडे, आणि तुम्ही इकडे."

खडकवाला मुकाट्याने उभा राहिला.

पट म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा पुठ्ठा. तो निरनिराळ्या कोनांत धरून वीस फोटो काढायचे. संगणक चौकटींचे कोपरे शोधतो आणि भिंग सरळ रेषा किती वाकवतं ते ताडतो. ते कळल्याशिवाय कॅमेऱ्याला अंतर मोजता येत नाही. आणि आज हे जमलं नाही, तर मॅडमच्या गटातली एकुलती एक जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्या जागेसाठी तिने वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

"डावीकडे झुकवा... अजून थोडं..."

"आई म्हणते, मी जन्मापासूनच तिरका आहे."

"हसू नका, पट हलतो."

"तुम्ही हसवू नका ना!"

पटाच्या वर त्याचे डोळे दिसत होते. खिडकीतलं ऊन पडलं की मधासारखे व्हायचे. ती भिंगाची कडी हलकेच फिरवायची, श्वास रोखायची – आणि टिच्.

पाचला मॅडम आल्या. कोपरे सरासरी तीन पिक्सेल चुकत होते. चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत हवी होती. त्यांनी एकेक फोटो मोठ्या पडद्यावर लावला.

"पट धूसर, डोळे लख्ख. पुढचा... पट धूसर, डोळे लख्ख. अगं, यांच्या पापण्या मोजता येतील!"

मॅडमच्या मागून आलेल्या मुलांपैकी कुणाला तरी खोटा खोकला आला.

"ऑटोफोकस..." ती पुटपुटली.

खडकवाला मदतीला धावला. "बरोबर आहे, चेहरा दिसला की ही यंत्रं..." बोलता बोलता त्याने कॅमेरा उचलला. "याला तर ऑटोफोकसच नाही," तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

"एकदा लावलेल्या फोकसला हात लावायचा नाही, हे पहिल्या तासाला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "एखादा फोटो चुकतो गं. वीसच्या वीस? अर्धा तास देते." दाराकडे वळताना त्यांनी हसू लपवलं, पण नीट लपलं नाही.

ती भिंग पुसत राहिली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"भिंग बाबांचं आहे," ती म्हणाली. "ते गेल्या वर्षी गेले. फोटोत माणूस असेल तर फोकस डोळ्यांवर, असं त्यांनी शिकवलेलं. हात आपोआप जातो."

त्याने पट पुन्हा उचलून हातात धरला.

"चांगलं शिकवलंय," तो म्हणाला. मग, पुठ्ठ्याची कड नखाने खरवडत – "म्हणजे... सवयच म्हणायची."

हो म्हणून टाकलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"पहिल्या तीन-चार फोटोंत सवय."

"आणि नंतर?"

"नंतर... मी पट बघितलाच नाही."

आता पट चांगलाच हलला.

तिने फोकस पटावर लावला, कडीवर चिकटपट्टी गुंडाळली. "डोळे मिट," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मग कुठे झुकायचं ते कसं कळणार?"

"मी सांगते ना."

डावीकडे, उजवीकडे, थोडं खाली... ती सांगत गेली, तो झुकत गेला. वीस फोटो. संगणकाने आकडा दाखवला – शून्य पूर्णांक तीन. मॅडमनी सही केली. पडद्यावर पटाची चौकट न् चौकट कोरल्यासारखी होती, आणि त्यावर एक धूसर, मिटल्या डोळ्यांचा चेहरा, खुशाल कानापर्यंत हसणारा.

"उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

"उद्या पट धरायचा नाहीये."

"मग हात मोकळे असतील माझे," तो म्हणाला.

तिला भिंगाचं झाकण काही केल्या लावता येईना.