गाडीचं पाणी

रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मी हात पुसते आणि गाडीचं बॉनेट उघडते. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण फिरवायचं. बाजूच्या बाटलीतलं हिरवं पाणी दोन रेघांच्या मधे आहे ना, बघायचं. ऑइलची काडी फडक्याने पुसून परत बुडवायची, ब्रेकचं तेल पाहायचं, वायपरची टाकी भरायची. मग काच. बाहेरून ओलं फडकं, आतून वर्तमानपत्राचा कागद. उन्हाळ्यात वायपरची रबरं काचेला चिकटतात म्हणून पाती उभी करून ठेवायची. थंडीत काच कितीही गारठली तरी तिच्यावर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते.

हे सगळं मला पन्नाशीत शिकावं लागलं, गाडी चालवणंसुद्धा. आमच्या यांची मूत्रपिंडं थकली. अंगात साचलेलं पाणी यंत्राने काढावं लागतं, त्यासाठी दर सोमवारी आणि गुरुवारी केळापूरहून यवतमाळ. ऊन असो, धुकं असो, पाऊस असो, चुकवायचं नाही. आणि दिवसाला दोन गिलास पाणी. त्यावर घोटसुद्धा नाही.

हे, म्हणजे रामराव, एसटीत वाहक होते. बाजेवर बसून माझा हा सकाळचा सोहळा बघायचे आणि म्हणायचे, "गाडीले पोटभर पाणी, आन् मले दोन गिलास. तुया न्याव मोठा हाये." मी हसायचे आणि काच पुसत राहायचे.

गाडी जुनी. एका बंद पडलेल्या ढाब्यामागे दोन उन्हाळे तशीच उभी होती. पांढरकवड्याच्या हायवेवरचा मिस्त्री खेमसिंग, त्याने ती दुरुस्त करून आम्हाला मिळवून दिली. वैनी, तुमी एखांद्या वक्ती देवाचा निवद चुकवसान पण गाडीचं पाणी नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

अक्षयतृतीयेला पितरांचा घट भरला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. रात्री काठोकाठ भरलेली वायपरची टाकी सकाळी कोरडी. खाली जमिनीवर थेंब नाही, नळीला भोक नाही. खेमसिंगने गाडी वर चढवून पाहिली, काही सापडलं नाही.

खरं सांगते, मला आधी यांचाच संशय आला. तहानेने जीव कासावीस झालेला माणूस, काय करेल काय सांगावं. मी विचारलं तर ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले,

"मी नाही पेलो. पण कोणीतरी पेते... गाडी चालली का मले मागच्या सीटवरून आवाज येते. घुटुक... घुटुक. मले वाटे का मलेच भास होऊन राह्यला."

त्यानंतर मलाही दिसायला लागलं. काचेवर, आतून, आमच्या दोघांच्या बरोब्बर मधे, वाफेचा एक गोल डाग. जसं मागच्या सीटवरून कोणी पुढे वाकून काचेशी तोंड आणावं. डाग मोठा व्हायचा, लहान व्हायचा... मोठा, लहान. मे महिन्यात. बाहेर रस्ता भाजून निघतोय आणि काचेवर श्वास.

खेमसिंग म्हणाला, मांजर-मुंगूस असेल, टाकीत शाम्पू टाका. मी टाकला. दुसऱ्या दिवशी टाकी तशीच भरलेली होती, पण काचेच्या आतल्या बाजूला फेसाचे शिंतोडे उडालेले. कोणी तोंडात घेऊन थुंकावं तसे. मी कागदाने ते पुसत होते आणि मला भीती वाटायच्या आधी लाजच वाटली. तहानेल्याला आपण साबणाचं पाणी दिलं. कोणत्या पोथीत बसतं हे?

त्या रात्रीपासून मी मागच्या सीटवर तांब्याभर पाणी ठेवायला लागले. गाळलेलं, वर तुळशीचं पान. सकाळी तांब्या रिकामा, पान कोरडं, टाकी भरलेली. काचेवरचा डागही गेला. यांना मी काही सांगितलं नाही. नेम तो नेम, त्याची वाच्यता करत नाहीत.

श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. बुधवारी रात्रीपासून नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला. गुरुवार चुकला. शनिवारी यांचे पाय मडक्यासारखे सुजले, रविवारी आडवं होता येईना, उशांना टेकून बसून श्वास घेत होते आणि छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडून परत गेली. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या कसंही करून आणा, उद्याच्या पुढे माझ्या हातात काही नाही.

या चार दिवसांत माझ्याकडून तांब्या ठेवायचा राहिला. विसरले असंही नाही. शुक्रवारी तांब्या हातात घेतला होता. मग अंगणाकडे पाहिलं, गुडघाभर पाणी साचलेलं, आणि मनात आलं, बाहेर एवढं पाणी, आज कोणाला तहान लागणार... आणि तांब्या परत ठेवला.

सोमवारी सकाळी नाला उतरला. माझा श्रावणी सोमवार, निर्जळी. बॉनेट उघडून सगळं पाहिलं, सगळं भरलेलं होतं. डिकीत पाण्याचे दोन डबे, बूच घट्ट लावलेले. यांना पुढच्या सीटवर कलतं बसवलं आणि निघालो.

दहा वाजले होते, पण जंगलाचा रस्ता लागला तसा दिवे लावावे लागले. सागाची मोठी पानं रस्त्यावर चिकटलेली. वायपर पूर्ण जोरात चालू, एसीची हवा काचेवर सोडलेली, तरी आतून काच धूसर व्हायला लागली. मधे एक गोल. मी पुसला. परत आला. या वेळी तो लहान होत नव्हता, नुसता वाढत होता, माझ्या बाजूला... यांच्या बाजूला...

"आवाज येऊन राह्यला," हे डोळे मिटूनच म्हणाले. "लय जोरात येऊन राह्यला."

चढावर मीटरचा काटा लालवर गेला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. गरम झाकण उघडायचं नाही हे माहीत होतं. छत्री धरून उभी राहिले, मिनिटं मोजत. आत यांचा श्वास, दोन धापा, मग थांबणं, मग एक. वीस मिनिटांनी फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. रेडिएटर कोरडा, बाटली कोरडी, वायपरची टाकी कोरडी. डिकी उघडली. दोन्ही डब्यांची बुचं होती तशी घट्ट होती. डबे मात्र उचलले तर हलके.

आभाळातून पाणी कोसळत होतं आणि माझ्याजवळ पाणी नव्हतं. रस्त्याकडेचं घ्यावं तर ते गाळाचं, रेडिएटर चोंदून बसेल. मग मी छत्री उलटी धरली. देवाचंच पाणी. डोक्यावरून, पदरावरून निथळत होते, पण छत्री भरली. जपून बॉनेटकडे नेली, ओतायला वाकवली, आणि तिच्यातून एक थेंब पडला नाही. कापड आतून कोरडं होतं. उन्हात वाळवल्यासारखं. कानाशी आवाज आला... घुटुक.

तेव्हा मी पळून जायला हवं होतं. पण चूक माझी होती, मला कळलं होतं. मी चिखलात पदर पसरला, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटसमोर हात जोडले.

"माय असशीन का बाप असशीन, मले ठाव नाही. चार दिस तुले तहानेलं ठेवलं, मायं चुकलं. पण गाडीचं पाणी सोड. मले माया माणूस पोचवायचा हाये. गाडीचं सोडून दुसरं कुठलंबी घे... जितकं लागन तितकं घे."

सीटवर कोणी नव्हतं. पण सीटचं फोम, दबलेलं असावं तसं, हळूहळू वर आलं.

मी परत छत्री धरली. भरली. ओतली, आणि रेडिएटरमधून गुडगुड आवाज आला. तीनदा भरली, तीनदा ओतली. आत येऊन बसले तर काच अशी लख्ख की थेंबन् थेंब मोजावा. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. मी आयुष्यात तशी गाडी चालवली नव्हती. उतरणीवर शंकराचं नाव घेत, मोठ्याने, रडत आणि हसत. काटा मधोमध. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, यांच्या छातीतली खळखळ ऐकू येत नाही. घाबरून पाहिलं तर हे सरळ बसून खिडकीबाहेरची कपाशीची शेतं बघत होते.

"पराटी चांगली हाये यंदा," म्हणाले. "काहून रडून राह्यली?"

दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची आणली होती, यांनी ती घेतली नाही. पायऱ्या चढून गेले, मी चिखलाने माखलेली, मागे छत्री घेऊन. ज्या माणसाला रात्री आडवं होता येत नव्हतं तो सगळ्यांना हात करत वॉर्डात शिरला. ओळखीचे दोन पेशंट खाटेवरूनच हसले. मला वाटलं, जिंकलो आम्ही. माझ्या सगळ्या सोमवारांचं आज उद्यापन झालं.

यंत्राला लावायच्या आधी वजन करतात, अंगात किती पाणी साचलंय ते कळायला. यांचं पाण्याविना वजन अठ्ठावन्न. उज्ज्वला नावाची नर्स आहे, मुलीसारखी. तिने यांना काट्यावर उभं केलं.

"बासष्ट दोनशे," ती म्हणाली. "म्हणजे चार किलो दोनशे पाणी हाये, काकू. सात दिवस झाले ना."

मग तिने वाकून यांच्या नडगीवर अंगठा दाबला. सुजलेल्या पायावर खड्डा पडतो, तो पडला नाही. पाय बारीक, हाडाला लागलेले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"उतरा काका, पुन्हा करू."

हे खाली उतरले. काट्यावरचा आकडा शून्यावर गेला नाही. चार किलो दोनशे. उज्ज्वलाने काट्याला हाताने हलवलं, मग बटण बंद करायला वाकली. मी तिचा हात धरला.

"थांब, बाई... त्यायले सावकाश उतरू दे."

आम्ही तिघं त्या रिकाम्या काट्याकडे बघत उभे होतो. थोड्या वेळाने यांनी कोरड्या पडलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि आकडा हलला. खाली नाही. चार किलो तीनशे.