डोक्यामागचा घाव

“मॅडम, अंधार पडल्यावर कोणी घरात घुसला अन् आपण त्याचं डोकं फोडलं, तर जेलात कोण जाते?”

शिरपूरच्या शाळेतल्या हॉलमध्ये मुलींच्या रांगेत खसखस पिकली. नाजिश उभीच राहिली. ‘हिंमत असन तं विचार’ म्हणून मागच्या बाकावरून तिला ढोसलं होतं, आणि दहावीत आल्यापासून नाजिशनं एकही पैज सोडलेली नव्हती.

कायद्याची माहिती द्यायला वाशीमहून आलेल्या वकील अफ्रीन मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“चांगला प्रश्न आहे. स्वतःचा जीव, अब्रू आणि घर वाचवायचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला दिलाय. पोलिसांना बोलवायला वेळच नसेल तर हात उचलता येतो. पण धोका टळेल इतकाच. तो माणूस पाठ फिरवून पळत सुटला आणि तुम्ही मागून डोकं फोडलं, तर तो बचाव राहत नाही. तो गुन्हा.”

“अन् घाव डोक्याच्या मागंच असन तं?”

हे मंजूनं विचारलं, बसल्या जागेवरून, खाली बघत. पैज लावणारीही तीच होती.

“तर मग अवघड आहे,” मॅडम म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत नाजिशनं मंजूला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

“पैज नव्हती ना ती? खरं सांग.”

मंजूनं सांगितलं. तिचा तांडा मालेगावच्या रस्त्यावर. बाप धनसिंग ऊसतोडीला गेलेला. गेल्या सोमवारी मंजू मावशीकडे केनवडला होती, घरात आई धुरपताबाई एकटीच. दिवेलागणीनंतर तांड्याबाहेरचा शेतमालक राजपाल घरात शिरला आणि आईनं चुलीची फुकणी हाणली. राजपालच्या डोक्याला मागून टाके पडले. गुन्हा मात्र आईवर.

“राजपाल म्हणते, मी अंगणातच होतो. वापस फिरलो तं तिनं मागून मारलं. अन् घाव मागंच हाय. साऱ्या तांड्यातल्या बाया म्हणतात, दार काहून नाही लावलं.”

“दार काहून नाही लावलं?” नाजिशचे कान तापले. “अन् तो काहून आला, हे कोणीच नाही विचारून राह्यलं?”

“नाही.”

“तुझी माय खोटं बोलते का?”

“याडी खोटं नाही बोलत. पण मंग घाव मागं कसा, हेच मले समजून नाही राह्यलं.”

शनिवारी दुपारी नाजिशनं भावाची मोटारसायकल बाहेर काढायला लावली. फुरकान सहा फुटी, खांद्यानं रुंद, आणि डोक्यानं जरा निवांत.

“पोलिसांचं काम आपण कायले करायचं?” त्यानं वाटेत विचारलं.

“ते करून नाही राह्यले म्हणून.”

“हां, मंग बरोबर हाय.”

धुरपताबाईचं घर मातीच्या भिंतींचं, वर टिनं. फुरकान मंजूच्या मागोमाग आत शिरला आणि दाराच्या चौकटीवर खाडकन आपटला.

“या अल्लाह. दार हाय का खिडकी?”

“उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून ठेंगणं ठिवलं,” चुलीपासून आवाज आला. “लागलं का रे बापू?”

धुरपताबाई नाजिशच्या खांद्याइतकीच होती. चूल दाराला लागूनच, उजव्या अंगाला. जमीन ताजी सारवलेली. कडीचा खिळा नवा, आणि दाराजवळच्या पितळी घागरीला पोचा पडलेला.

“मावशी, सगळं सांगा. पहिल्यापासून,” नाजिश म्हणाली.

“मी इथं चुलीसमोर बशेल होती. कडी ढिली होती, म्हून धनी गेल्यापासून मी दाराले आतून घागर टेकवून ठेवतो. घागर पडली. मान वर केली तं दारात माणूस. हाती फुकणी होती. उभी राह्यली अन् हाणली. तो वरडला अन् पळाला. त्याच्या धक्क्यानं कडी पार निखळली होती. खिळा मी दुसऱ्या दिवशी ठोकला.”

“रक्त कुठं पडलं?”

“उंबऱ्याच्या आत. सकाळी उठून सारवून टाकलं.”

फुरकाननं आपटलेल्या कपाळावर पुन्हा हात मारला. “मावशी, तोच तं पुरावा होता.”

“चुलीपाशी देव हाय रे. तिथं माणसाचं रगत राहू देऊ का मी? ठाण्याचा जमादारही हेच म्हणे. म्हणे, तुमी पुरावा पुसला, मनात काही असनच.”

नाजिशनं दात आवळले. ज्या जमिनीवर देव, ती बाई स्वच्छ ठेवते, आणि तेच तिच्या अंगावर येतं.

शेजारचा म्हातारा रूपला बाजेवर बसून होता. जमादाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याचंच नाव.

“मी खरं तेच सांगतलं, पोरी. राजपाल डोकं धरून पळत होता. ती बाई दारात फुकणी घेऊन.”

“ते पळणं तुमी केव्हा पाह्यलं, बाबा? त्याच्या आधी काही ऐकू आलं?”

“आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मंग बोंब. मंग मी उठून बाहेर आलो.”

“भांड्याचं जमादारले सांगतलं?”

“त्यानं इचारलं नाही.”

राजपालचं घर तांड्याबाहेर, उंच ओट्याचं. तो फुरकानच्या तोडीचा उंच होता. डोक्याला पट्टी, हातात मोबाइल.

“मुनाफची पोरगी ना तू? बस. हरभरा सोंगायला बाया पाहिजे होत्या, म्हून सांगायला गेलतो. लिंबापाशी उभं राहून आवाज देला. ते शिव्या देत बाहेर आली. म्या म्हटलं, बाईच्या तोंडी कोण लागते. वापस फिरलो. दोन पावलं नाही टाकली, तं मागून धाडकन.”

“चालताना? सरळ चालत होते?”

“मंग काय रांगत होतो?”

“दारापाशी गेलेच नाही?”

“पाय नाही ठेवला. डॉक्टरचा कागद पाहा, घाव टाळूच्या मागं हाय. समोरून कसा लागन तो?” तो हसला. “तुमच्या दुकानाची जागा माही हाय, बाई. बापाले सांगजो, पोरीले घरात ठेव.”

परत येताना फुरकाननं कपाळ चोळलं. मग म्हणाला, “नाजो, पण घाव तं मागंच हाय. त्याचं काय करशीन?”

“भाई, तुझं टेंगूळ कुठं हाय?”

“कपाळावर.”

“उद्या वाकून जाजो.”

“म्हणजे?”

 फळ्यावरून उतरवून घेतलेला अफ्रीन मॅडमचा नंबर तिनं रस्त्यातूनच लावला.

रविवारी सकाळी धुरपताबाईच्या अंगणात मॅडम आल्या, मॅडमच्या अर्जामुळे जमादार गुलाबसिंगही आला. जमादार आला म्हणून राजपालही आला, आणि लिंबाला टेकून उभा राहिला.

“शाळेतल्या पोरींनी आता तपास करायचा,” तो म्हणाला.

“हो,” नाजिश म्हणाली. “भाई, तू राजपालकाका हो. लिंबापासून दोन पावलं पुढं, सरळ चाल. मावशी, तुमी मागून फुकणी लावून दाखवा. हळूच.”

धुरपताबाईनं फुकणी उचलली. जप्त केलेल्या फुकणीच्याच मापाची, हातभर लांब. टाचा उचलल्या, हात ताणला, तरी फुकणीचं टोक जेमतेम फुरकानच्या मानेला टेकलं; टाळूवर हाणायला जोरच उरेना. तो एक पाऊल पुढे सरकला, तर टोकही लागेना.

“जमादारकाका, टाळूच्या मागं टाके पडतील इतक्या जोरानं कशी लागन ही?”

गुलाबसिंगनं मिशीवरून हात फिरवला. “ओट्यावरून मारलं असन.”

“अंगणात ओटा हाय कुठं? बरं, आता भाई, आत जा.”

या वेळी फुरकान शहाणा झाला होता. तो कमरेतून वाकला, मान खाली घातली आणि आत डोकं घातलं. त्याच्या डोक्याचा मागचा भाग चुलीकडे वर आला, धुरपताबाईच्या छातीच्या उंचीवर.

“थांब, तसाच राहा. मॅडम, बघा. मावशी चुलीपाशी उभ्या. पुढून येणाऱ्या माणसाचा त्यांना चेहरा दिसत नाही, टाळू दिसते. घाव मागचा हाय, पण मारलेला समोरून. या घरात उंच माणूस डोक्याचा मागचा भाग फक्त एकदाच दाखवतो. आत शिरताना.”

“किंवा बाहेर निघताना,” जमादार म्हणाला. “तेव्हाही वाकनच. पळून जाताना मारलं, तरी गुन्हाच.”

“भाई, बाहेर नीघ.”

फुरकान वळला, वाकला, दारातून बाहेर डोकं काढलं. आत उरली त्याची रुंद पाठ आणि पँट.

“आता डोकं चौकटीबाहेर हाय, अन् मावशी आत. फुकणी मारली तर कुठं लागन, तुमीच सांगा.”

मंजू फिसकन हसली. जमादारानं हसू मिशीत दाबलं.

“मले नको मारू पण,” बाहेरून फुरकान म्हणाला.

“अन् रूपलाबाबांनी आधी भांडं पडल्याचा आवाज ऐकला, मंग बोंब. अंगणात भांडं कुठं होतं? घागर दाराच्या आत टेकवलेली होती. दार बाहेरून ढकलल्याशिवाय ती पडत नाही. तिचा पोचा आत जाऊन पाहा. आधी दार ढकललं, मंग घागर पडली, मंग हे वाकून आत आले, मंग घाव बसला, मंग पळाले. रूपलाबाबा खोटं नाही बोलले. त्यांनी फक्त शेवटचं पाह्यलं, अन् तुमी तेवढंच लिहिलं.”

राजपाल लिंबापासून सुटला. “काय लावलं हे? दार उघडंच होतं. नुसतं डोकावलं मी. एकटी बाई, हाल विचारावे म्हटलं, तं त्याच्यात काय झालं?”

जमादारानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

“काल तुमी म्हणाले, दारापाशी पायही नाही ठेवला,” नाजिश म्हणाली.

“काल काय म्हणालो ते कोणी ऐकलं?”

“मी ऐकलं.”

“तोंड सांभाळ. महिन्याच्या आत दुकान खाली करायला लावीन.”

अफ्रीन मॅडम शांतपणे म्हणाल्या, “जमादार, तुमच्या कागदावर राजपालचा जबाब आहे. तो अंगणात होता असा. आत्ता तो दारातून डोकावलो म्हणतो. धुरपताबाईचा बचाव कायद्यात बसतो. अंधार, एकटी बाई, दार ढकलून शिरणारा माणूस, आणि एकच घाव. तो पळाल्यावर ही मागे गेली नाही.”

“पण उद्या तो हेही नाही म्हणन,” गुलाबसिंग म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळाच होता. “मी पोलीस, मॅडम तिच्या वकील, ही बाईची पोरगी, हे शेजारी, आमचं कोण ऐकते? काल त्याच्या तोंडून ऐकलेलं बाहेरचं माणूस पाहिजे मले. लिहून देणारं.”

फुरकाननं जमिनीकडे पाहिलं. “अब्बाले इचारावं लागन.”

 धुरपताबाईनं नाजिशकडे पाहिलं आणि फुकणी चुलीपाशी ठेवून दिली.

संध्याकाळी मुनाफ दुकानातून आला तेव्हा राजपालचा फोन येऊन गेला होता. नाजिशच्या आईनं, हुस्नाबानोनं, पाण्याचा गिलास त्याच्यासमोर ठेवला, पण त्यानं तो उचलला नाही.

“बेटा, अपने को क्या करना है? दुसऱ्याचं घर हाय ते.”

“राजपालच्या डोक्यात तर कोणतंच घर दुसऱ्याचं नाही, अब्बा. तेच तर भांडण हाय.”

“दुकान गेलं तो खायेंगे क्या?” हुस्नाबानो हळूच म्हणाली.

नाजिश दोघांच्या मधे येऊन बसली. रडू येत होतं, पण ते तिनं रागातच मुरवून टाकलं.

“अम्मी, तुम्हीपण अब्बा दुकानाचा माल आणायला जातात त्या दिवशी एकट्याच राहता. अब्बा, मी विचारायला नाही आले, सांगायला आले. उद्या शाळेत जाणार नाही. ठाण्यात जाऊन जबाब देणार. तो जे बोलला ते सगळं, त्याचं नाव घेऊन. तुम्ही सोबत आलात तर बरं वाटेल. नाही आलात, तर मी साडेनऊच्या एसटीनं जाते.”