चंद्राकाकीची अर्धी सुपारी

"थुंका! आधी थुंका म्हणते न्हवं!"

आमच्या प्रेमाची सुरुवात ही अशी झाली.

समोरचा तरुण गालात सुपारी धरून थिजला होता. गणेशगुडीकडून येताना रस्त्याच्या वळणांनी त्याला मळमळायला लागलं होतं. जोयड्यात जीपमधून उतरला, तो सरळ आमच्या ऑफिसात शिरला. टेबलावरच्या डब्यातली एक पुरचुंडी सोडून आतली सुपारी त्यानं तोंडात टाकली. तेही कुठं? तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या ऑफिसात!

"गि... गिळली," तो म्हणाला. "तुम्ही ओरडलात म्हणून."

माझ्या हातात उरला निळ्या लुगड्याच्या काठाचा तुकडा. म्हणजे चंद्राकाकीची! मी मटकन खुर्चीत बसले.

"एवढं काय त्यात? दुसरी आणून देतो की."

"बाजारात मिळत न्हाई ती!"

आमच्या अणशीकडच्या खेड्यांत कुणाला शब्द द्यायचा, तर अडकित्त्यानं सुपारी दुभागतात. अर्धी त्याच्याकडे, अर्धी आपल्याकडे. शब्द पुरा झाला की दोन्ही अर्धे जुळवून देवापुढे ठेवायचे. आणि मधल्या मधे ती कुणी खाल्ली, तर शब्द त्याच्या गळ्यात! आमच्या बायका आपलं उष्टं परक्याच्या हाती देत नाहीत, करणीची भीती. मी त्यांच्यातलीच पोर, म्हणून त्यांनी माझ्यापुढे तोंडं उघडली, कापसाच्या काडीवर थुंकी दिली. बदल्यात, आपापल्या लुगड्याच्या तुकड्यात अर्धी सुपारी बांधून माझ्याकडून शब्द घेतला... निकाल मी स्वतः येऊन सांगायचा. 'सुपारी सोडा' म्हणून घसा कोरडा करणारीच्या हाती सुपारीच ठेवतात, आता बोला!

चंद्राकाकीच्या गालात पांढरा चट्टा होता. दिवाळीपासून ती निकालाची वाट बघत होती. 'गाडी येईल, निकाल येईल,' असं आमच्या संस्थेचे मोठे सर मला फोनवर सांगायचे, आणि तेच मी तिला सांगायची.

"मग आता काकीला उत्तर मी द्यायचं?" त्यानं विचारलं. डोळ्यांत हसू होतं... आणि डोळे, खोटं कशाला बोलू, चांगले होते.

"न्हाई तर काय! पण तुमी कोण वो?"

"अनिकेत. रामनगरचा. सरकारनं ह्या संशोधनाला जो पैसा दिलाय, तो कुठं गेला ते बघायला आलोय."

मी ताडकन उभी राहिले. तपासनीसाला मी 'थुंका' म्हणाले होते!

"आता साहेब म्हणू की काय म्हणू?"

"सुपारीचोर म्हणा. चालेल."

मी चहा सांगितला. त्यानं आल्याचा मागितला, मळमळ अजून होती म्हणे. चहा पिता पिता तो माझ्याकडे बघायचा, मी बघितलं की छताकडे. छतावर काय होतं? पाल!

"चला, फ्रीझर दाखवा," तो म्हणाला. "कागदावर सगळ्यात महाग तोच आहे. उणे ऐंशी अंशांचा."

मी मोठ्या ऐटीत मागची खोली उघडली. त्या पांढऱ्या पेटीची किल्ली माझ्याकडेच असायची. जोयड्यात वीज जाते तशी जाते, म्हणून घरची घोंगडी आणून मी पेटीवर पांघरली होती. गावोगावच्या बायकांचा विश्वास होता तिच्यात.

अनिकेतनं घोंगडी बाजूला केली. आणि त्याचा चेहराच बदलला.

"सुनयना..." माझं नाव त्याच्या कागदांत होतंच. "हा फ्रीझर कुणी आणला?"

"मोठ्या सरांनी पाठवला. का वो?"

पेटीवर चिकटवलेला संस्थेचा मोठा कागद त्यानं नखानं हळूहळू सोलला. खालून एक रंगीत चित्र बाहेर आलं.

आंब्याचं आइस्क्रीम. कोनातलं.

"माझ्या बापाच्या दुकानात हीच पेटी हाय," तो म्हणाला. त्याचं ऑफिसचं मराठी कुठल्या कुठं पळालं होतं. "आइस्क्रीम ठेवायची. तीबी जुनी. कागदावर हिच्या किमतीत एक घर उभं ऱ्हाईल."

थंडी निघून जाईल म्हणून एरवी मी किलकिल्या झाकणातून नळी आत सारायची; आज झाकण पूर्ण उघडलं. सगळ्या नळ्या तिथंच होत्या! गोठून, वितळून, परत गोठून, वरची नावंही पुसलेली. पेटी भरली की लॅबची गाडी येऊन घेऊन जाईल, असं मला सांगितलं होतं. अनिकेतच्या कागदांवर तर ती गाडी दर महिन्याला येऊन गेली होती, नमुने तपासूनही झाले होते! मी डोंगर चढून, शपथा घेऊन, एकेका बाईची समजूत घालून गोळा केलेलं सगळं... नासलं होतं.

"मी काकीला काय सांगू?" मला रडू फुटलं. "चट्टा वाढलाय तिचा!"

त्यानं रुमाल पुढे केला. मग अगदी हळू म्हणाला, "अजून एक हाय. 'उणे ऐंशीचा फ्रीझर मिळाला' ह्याच्याखाली सही तुमची हाय. मला तुमचं नाव लिवावं लागंल."

चांगल्या डोळ्यांचा मला असा राग आला!

"लिवा की! मला काय ठाऊक, उणे ऐंशी कसं दिसतंय ते? पेटी आली, सही केली. सगळं लिवा. पर हेबी लिवा, की कुलूप मीच उघडलं."

"लिवणार," तो म्हणाला. "एक अक्षर गाळणार न्हाई. पण आधी काकीकडं जाऊया. सुपारी मी खाल्लीय."

चंद्राकाकीनं सगळं ऐकून घेतलं. रिकामा निळा तुकडा बघून तिनं अनिकेतला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू खाल्लास व्हय? मग तूच सांग, मी जगतो का मरतो."

"मला ठाऊक न्हाई काकी," तो म्हणाला. "पण उद्या सकाळच्या गाडीनं आपण हुबळीला जाऊया. ठाऊक होईपर्यंत मी हलणार न्हाई."

आणि खरंच हलला नाही. सरकारी दवाखान्याच्या बाकावर तो बसून होता, एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला मी. निकाल आला तेव्हा त्यानं माझा हात धरला, की मी त्याचा, ह्यावर आमचं आजही एकमत नाही. रोग होता. पण वेळेत सापडला होता. गालाचा तेवढा भाग काढला, आणि काकी आज पेज पिऊन शिव्या देण्याइतकी ठणठणीत आहे.

आमचं ऑफिस बंद झालं, माझी नोकरी गेली. चौकशीला मला बोलावलं तेव्हा बघितलं ते सगळं सांगून आले. मोठे सर अजून कोर्टाच्या फेऱ्या मारताहेत. अणशीला मात्र खरे डॉक्टर आले. ज्यांच्या सुपाऱ्या डब्यात होत्या त्या बायकांची तोंडं मी पुन्हा उघडायला लावली, आणि ह्या वेळी निकाल घेऊन दारोदार गेले.

डबा रिकामा झाला, त्याच संध्याकाळी अनिकेत आमच्या अंगणात उभा. हातात अडकित्ता. कट्टकन् त्यानं एक सुपारी दुभागली आणि अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

"आता तपासणी संपली. आता बोलायला हरकत न्हाई..." त्याचे कान लाल झाले होते. "घरी इचारायला माझ्या आईबापांना घेऊन येतो. हा माझा शब्द. तुमी विचार करा... घाई न्हाई... सुपारी जपून ठेवा तोवर—"

मी ती तोंडात टाकली.

"अहो! थुंका! थुंका ती!"

"गिळली," मी म्हणाले.