खांद्यावरचा हात

दुपारचा डबा खाऊन बारक्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत परत आला, तेव्हा सगळं रोजच्यासारखंच होतं. पंख्यांची घरघर, तापलेल्या वायरींचा वास आणि पडद्यावर एक हिरवा ठिपका. रुग्णांच्या खाटांवरच्या घंटा सिस्टरांच्या टेबलापर्यंत पोचवणारा प्रोग्राम चालू आहे, एवढंच तो ठिपका सांगायचा.

हा प्रोग्राम अधूनमधून न सांगता बंद पडे. म्हणून बारक्याने त्याच्यावर एक छोटा पहारेकरी लिहून बसवला होता. प्रोग्राम मेला, की पहारेकरी त्याला आपोआप पुन्हा उठवायचा. सगळे त्याला राखण्या म्हणत. बारक्याने तो जीव ओतून लिहिला होता, कारण वरच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर त्याला लहानाचा मोठा करणारी मावशी होती.

पण काही दिवस त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. सिस्टर सहज म्हणाल्या होत्या, "तुझी मावशी भारी नाटकी हं. मध्येच श्वास थांबतो. मी धावत जावं, तर घेतेय आपली व्यवस्थित."

बारक्याने वेळ विचारली. नेमका तेव्हाच ठिपका लाल होऊन हिरवा झाला होता. पुढच्या खेपेलाही तसंच. त्यानंतर त्याने विचारायचंच सोडलं.

आज साहेब खुर्ची ओढून बसले. "राखण्या काढतोय."

"नको, साहेब."

"अरे, तो रोग झाकतो. पडला की उठवतो, मग पडला का ते कळणार कधी? एकदा मरू दे. मढं तपासू, मग औषध."

"पण वर मावशी..."

"सिस्टर आहेत ना तिथे. घंटेची काळजी नको."

काळजी घंटेची नव्हती, पण हे साहेबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

साहेबांनी राखण्या पुसून टाकला. दोघं पडद्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने ठिपका लाल झाला.

लालच राहिला. पंख्यांची घरघरसुद्धा मंदावल्यासारखी वाटली.

मग ठिपका हिरवा झाला.

साहेबांनी सावकाश मान वळवली. "दुसरा कुठे लपवून ठेवलायस?"

"नाही, साहेब."

"मला शेंड्या लावू नकोस. मग उठवला कोणी?"

बारक्या जिन्याकडे धावला.

वॉर्डात सिस्टर खाटेपाशी उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. "ह्या खेपेला श्वास फार वेळ थांबला रे..." एवढं बोलून त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

मावशी जागी होती. "आलास... मघाशी तू नव्हतास ना?"

"कधी, मावशी?"

"मी निघाले, की खांदा हलवून उठवतोस मला. तुझा हात कळतो... ऊबदार असतो." ती थांबली. "आजचा गार होता."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"असेल..." तिची नजर हळूहळू स्वतःच्याच खांद्याकडे गेली. "पण त्याने अजून काढला नाही."

बारक्याने पांघरूण सारखं करायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. मावशीच्या खांद्यावर पांघरूण चार ठिकाणी खोल दबलेलं होतं. तो बघत असतानाच, अंगठा येईल त्या जागी, ते आणखी एकदा दबलं.